एका अक्षराचा फरक आणि कोर्टाची पायरी

‘मुलाने मोबाईलवरून कंपन्यांची नावे विकत घेऊन ठेवली आहेत. बचत गटातून उचललेले बारा हजार रुपये त्यात गेले. तो म्हणतो, आई, यातले एक नाव जरी विकले गेले तरी लाखाच्या खाली जाणार नाही. हे खरे धरायचे का?’

कामतघरच्या एका भगिनीचा हा प्रश्न. घरधनी यंत्रमागावर रात्रपाळी करतात. मुलगा बारावी होऊन काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये पार्सले लावण्याच्या कामाला आहे. मुलगा वाईट चालीचा नाही. दिवसभर उभे राहून काम करायचे आणि रात्री मोबाईलवर काहीतरी शिकायचे, हा त्याचा क्रम. त्या शिकण्यातच त्याला हा ‘धंदा’ सापडला. त्याने घेतलेल्या नावांची यादी पाहिली, तर प्रत्येक नावात एखाद्या नामांकित कंपनीच्या नावाचे एक अक्षर बदललेले, गाळलेले, नाहीतर दुप्पट केलेले. मुलाला वाटते, यात आपली हुशारी आहे. मूळ नाव कंपनीचे असेल, पण चुकीचे स्पेलिंग तर कोणाच्या मालकीचे नाही ना?

अशी मुले आज वस्तीवस्तीत आहेत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर एका घरापुरते न देता सर्वांसाठी देत आहे.

प्रथम ही वस्तू काय ते समजून घेऊ. इंटरनेटवर प्रत्येक संकेतस्थळाला एक पत्ता असतो. त्याला डोमेन नाव म्हणतात. ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ असे शेपूट लावलेले ते नाव. असे नाव नोंदवून देणाऱ्या कंपन्या आहेत. बहुतेक साधी नावे वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतात आणि दरवर्षी पैसे भरून नूतनीकरण करावे लागते. म्हणजे हे विकत घेणे जमीन विकत घेण्यासारखे नसून भाड्याने गाळा घेण्यासारखे आहे. वर्ष संपले, भाडे थकले, की गाळा गेला.

आता चुकीच्या स्पेलिंगला किंमत कशामुळे? माणूस घाईत टाईप करतो. एखादे अक्षर सुटते, एखादे दोनदा पडते. लाखो लोक रोज एखाद्या मोठ्या संकेतस्थळावर जात असतील, तर त्यातले काही शेकडो चुकून शेजारच्या पत्त्यावर पोहोचतात. आपल्याला हे नवीन नाही. राजस्थानात भिवाडी नावाचे औद्योगिक गाव आहे. इंग्रजीत आपल्या भिवंडीतला एक ‘एन’ पडला की पत्ता थेट तिकडचा होतो! अशा चुकलेल्या पत्त्यावर कोणी आधीच टपरी टाकून बसला असेल, तर चुकून आलेले गिऱ्हाईक त्याचे. तो तिथे जाहिराती लावून पैसे मिळवतो, किंवा मूळ कंपनीलाच म्हणतो, ‘एवढे द्या, हे नाव सोडतो.’ मुलाच्या डोक्यातला हिशेब तो हाच.

मुलाचे दुसरे म्हणणे असे की, बेकायदेशीर असते तर ते विकायला ठेवलेच नसते. पैसे घेतले, पावती दिली, ई-मेल आला. मग चोरी कसली? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु नोंदणी करणारी कंपनी एवढेच पाहते की, नेमके हेच नाव दुसऱ्या कोणी घेतले आहे की नाही. घेतलेले नसेल तर जो आधी पैसे भरेल त्याला ते मिळते. हे नाव एखाद्याच्या ट्रेडमार्कशी मिळतेजुळते आहे का, याची छाननी ती करीत नाही. उलट घेणाऱ्याला एक लांबलचक करारपत्र दाखवले जाते, त्यात ‘या नावाने दुसऱ्याच्या हक्कावर आक्रमण होत नाही’ अशी हमी घेणाऱ्याकडूनच लिहून घेतलेली असते. कोणी वाचतो का ते? खाली ‘मान्य आहे’वर बोट टेकवले की जबाबदारी आपल्या गळ्यात. २०२२ मध्ये स्नॅपडीलने केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदणी कंपन्यांनाही सुनावले की, दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी मिळतीजुळती नावे पर्याय म्हणून पुढे करायची, त्यावर कमवायचे आणि नंतर ‘आम्ही नुसते मध्यस्थ’ म्हणायचे, हे चालणार नाही. पण त्यामुळे नाव घेणारा सुटतो असे मात्र नाही.

रॅडिफ आणि सिफी

या विषयावरचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा आहे, आणि तो नेमका एका अक्षराच्या फरकाचा आहे. रेडिफ कम्युनिकेशन ही मुंबईची कंपनी. ‘रेडिफ डॉट कॉम’ हे तिचे संकेतस्थळ त्या काळात इंटरनेट वापरणाऱ्या भारतीयांना चांगले परिचित झाले होते. सायबरबूथ नावाच्या प्रतिवादींनी ‘रॅडिफ डॉट कॉम’ हे नाव नोंदवले. इंग्रजीत लिहून पाहा. मूळ नावात दुसरे अक्षर ‘ई’ आहे, तिथे ‘ए’ आला. बाकी सारे जसेच्या तसे. प्रतिवादींनी खुलासा केला की, हे नाव आम्ही स्वतंत्रपणे घडवले आहे. ‘रॅडिकल’ शब्दातली पहिली तीन अक्षरे, ‘इन्फॉर्मेशन’चा आय, ‘फ्यूचर’चा एक एफ आणि ‘फ्री’चा दुसरा एफ.

न्यायमूर्ती ए. पी. शहा यांनी १९९९ मध्ये हा खुलासा मानला नाही. डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, धंद्यात त्याला ट्रेडमार्कसारखेच मोल आहे आणि तसेच संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. दोघांचे क्षेत्र सारखे, नावे जवळजवळ एक, आणि हे नाव घेण्यामागे रेडिफच्या लौकिकाचा फायदा उठवण्याखेरीज दुसरे कारण दिसत नाही. एकदा फसवण्याचा हेतू दिसला की प्रत्यक्षात किती लोक फसले याचा अधिक शोध घेण्याची गरज उरत नाही. मनाई हुकूम निघाला.

पाच वर्षांनी असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सत्यम इन्फोवे या कंपनीने १९९९ मध्ये ‘सिफीनेट डॉट कॉम’ व ‘सिफी’ने सुरू होणारी आणखी काही नावे नोंदवली होती. ‘सत्यम इन्फोवे’ या नावातूनच ‘सिफी’ हा शब्द घडवलेला. सिफीनेट सोल्युशन्स या दुसऱ्या कंपनीने २००१ पासून तेच नाव वापरायला सुरुवात केली, फक्त इंग्रजीत एक ‘एफ’ होता तिथे दोन केले. कानाला तर काहीच फरक नाही. इथेही खुलासा तयार होता. आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे जोडून हा शब्द झाला आहे!

बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने मनाई हुकूम दिला. कर्नाटक उच्च न्यायालयाने तो उठवला. शेवटी ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रूमा पाल आणि न्यायमूर्ती पी. वेंकटरामा रेड्डी यांनी उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून मनाई हुकूम पुन्हा लागू केला. डोमेन नावाच्या वादासाठी भारतात वेगळा कायदा नाही हे न्यायालयाने मान्य केले. पण कायदा नाही म्हणजे रान मोकळे असेही नाही. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणे याला आपल्याकडे पूर्वीपासून बंदी आहे. तेच तत्त्व डोमेन नावालाही लागू होते. सिफी निकालाला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. वेगळा कायदा आजही झालेला नाही, आणि न्यायालये याच निकालाच्या आधाराने निवाडे देत आहेत. ‘वेगळा कायदाच नाही, मग गुन्हा कसला’ असे जे व्हिडिओवाले सांगतात, त्यांनी हा निकाल वाचलेला दिसत नाही.

या दोन्ही खटल्यांत एक गंमत आहे. दोन्हीकडे आद्याक्षरांची जोडणी पुढे आली. नावाची व्युत्पत्ती अशी कोणालाही नंतर बसून जुळवता येते. न्यायालय विचारते ते वेगळेच: हजार शब्द मोकळे असताना तुम्हाला नेमके हेच का सुचले?

खरे तर ही कसोटी इंटरनेटच्या फार आधीची आहे. जुन्या पिढीला अमृतधारा आठवत असेल. पोटदुखीवर साखरेच्या गोटीवर थेंब टाकून देत ती. तिच्याच धर्तीवर ‘लक्ष्मणधारा’ निघाली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटले की, साधा गिऱ्हाईक नावाची फोड करून अर्थ लावत बसत नाही. त्याला नाव अर्धवट आठवते आणि तो नावाच्या एकंदर ठशावरून माल मागतो. म्हणून दोन नावे शेजारी शेजारी ठेवून भिंगातून फरक मोजायचा नसतो. त्याआधी १९५९ मध्ये ‘ग्लुकोविटा’ आणि ‘ग्लुविटा’ या दोन नावांतही फसगत होण्याइतके साम्य आहे असे ठरले होते. एक मधला तुकडा गाळल्याने नाव वेगळे होत नाही, हे म्हणजे साठ वर्षांहून जुने झाले.

आणखी एक पळवाट मुलांना सुचते. संकेतस्थळावर खाली बारीक अक्षरात लिहायचे, ‘आमचा अमुक कंपनीशी संबंध नाही.’ ‘याहू इंडिया डॉट कॉम’ हे नाव घेणाऱ्यांनी १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हेच सांगितले होते. शिवाय ‘याहू’ हा शब्दकोशातला शब्द आहे, आणि इंटरनेट वापरणारे लोक शिकलेले असतात, ते फसणार नाहीत, असेही म्हटले. तिन्ही मुद्दे टिकले नाहीत. आणि आता तर सातवीतले पोर आणि सत्तरीची आजी दोघेही मोबाईल चालवतात. तेव्हा जे टिकले नाही ते आज काय टिकणार?

पैसे मागणारे पत्र

या व्यवहारात सर्वांत धोक्याची पायरी कोणती, तर मुले जिला कमाईची पायरी समजतात ती. म्हणजे कंपनीला पत्र लिहून किंमत सांगणे.

इंग्लंडमध्ये दोघा जणांनी एका कंपनीच्या नावाने मार्क्स अँड स्पेन्सर, ब्रिटिश टेलिकॉम अशा बड्या संस्थांची नावे नोंदवून ठेवली व त्या संस्थांकडून पैसे काढू पाहिले. १९९८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ठरवले की, नाव अजून कोणत्याही धंद्यात वापरलेले नसले तरी असे नाव बाळगणे म्हणजे फसवणुकीचे हत्यार बाळगणे होय. ‘मी तर वापरलेच नाही, नुसते घेऊन ठेवले’ ही सबब त्या दिवशीच निकालात निघाली.

‘डॉट कॉम’ नावांच्या तंट्यासाठी १९९९ पासून एक जागतिक पद्धत आहे. नाव नोंदवताना करारातच आपण तिला संमती दिलेली असते. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कशी फसगत होण्याइतके सारखे आहे, घेणाऱ्याचा त्या नावावर काही रास्त हक्क नाही, आणि नाव कपटबुद्धीने घेतले व वापरले आहे. कपटबुद्धीचे पहिलेच उदाहरण नियमात असे दिले आहे की, आपला प्रत्यक्ष खर्च झाला त्यापेक्षा जास्त किमतीला ते नाव मालकाला किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्याला विकण्यासाठीच घेतलेले असणे. म्हणजे आठशे रुपयांना घेतलेल्या नावाचे लाख मागणारा ई-मेल हा आपणच आपल्याविरुद्ध लिहून दिलेला जबाब झाला. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे चाललेले पहिले प्रकरण अशाच मागणीचे होते. अमेरिकेतील एका माणसाने कुस्तीच्या एका प्रसिद्ध संस्थेचे नाव १०० डॉलरला घेतले आणि तिलाच १,००० डॉलरला विकू केले. जानेवारी २००० मध्ये नाव काढून संस्थेला दिले गेले. आज त्या एका संघटनेकडेच वर्षाला सहा हजारांच्या आसपास तक्रारी येतात.

‘डॉट इन’ नावांसाठी आपल्या देशात २००५ पासून अशीच व्यवस्था आहे. नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया ही संस्था लवाद नेमते. लवाद नाव रद्द करू शकतो, तक्रारदाराच्या नावे करू शकतो, खर्चही बसवू शकतो.

भारतातले अलीकडचे एक उदाहरण अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. दिल्लीच्या एका तरुण ॲप-कारागिराने २०२३ मध्ये ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ हे नाव घेऊन ठेवले. दोन कंपन्या पुढे एकत्र येतील आणि त्यांना हे नाव लागेल, असा त्याचा अंदाज. अंदाज बरोबर ठरला! ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने त्याच संकेतस्थळावर जाहीर पत्र लिहिले की, केंब्रिज विद्यापीठातील शिक्षणाचा खर्च द्या, नाव देतो. रक्कम होती ९३,३४५ पौंड, म्हणजे एक कोटी रुपयांच्या घरात. पुढे त्यानेच लिहिले की, कंपनीने मागणी नाकारली आणि कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, आणि इतक्या मोठ्या कंपनीशी लढण्याचे बळ आपल्यात नाही. नंतर ते नाव दुबईतल्या दोन भावंडांकडे गेले आणि शेवटी कंपनीकडे पोहोचले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच नावाने सेवा सुरू झाली. हे नाव चुकीच्या स्पेलिंगचे नव्हते, दोन ट्रेडमार्क जोडलेले होते, एवढाच फरक. शिक्षणासाठी पैसे नसणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्या तरुणाबद्दल मनात सहानुभूती वाटते, ती वाटावीही. पण सहानुभूती हा कोर्टातला पुरावा होत नाही.

स्वतःचे नाव असेल तर? ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३५ मध्ये स्वतःच्या नावाच्या प्रामाणिक वापराला मोकळीक आहे. यात ‘प्रामाणिक’ हा शब्द महत्त्वाचा. कॅनडातील माईक रो या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या नावापुढे ‘सॉफ्ट’ जोडून संकेतस्थळ काढले, उच्चार झाला हुबेहूब मायक्रोसॉफ्ट. कंपनीने नोंदणीखर्चाचे दहा डॉलर देऊ केले. मुलाने दहा हजार मागितले. लगेच कंपनीने ती मागणीच कपटबुद्धीचा पुरावा म्हणून पुढे केली. लोक मुलाच्या बाजूने उभे राहिले म्हणून २००४ मध्ये समेट झाला. नाव मात्र कंपनीकडेच गेले.

किती महागात पडते

लवादात नाव जाते, दंड होत नाही. पण कंपनीला लवादाऐवजी सरळ कोर्टात जाता येते. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार, जो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे, मनाई हुकूम, नुकसानभरपाई किंवा मिळवलेल्या नफ्याचा हिशेब मागता येतो. ट्रेडमार्क नामांकित असेल तर ‘माझा धंदा वेगळा आहे’ हा बचावही लंगडा पडतो. आणि काही अटींवर कंपनीला आपल्या व्यवसायाच्या ठिकाणी दावा लावता येतो. म्हणजे कामतघरच्या पोराला दिल्लीची तारीख. वकिलाची फी, रेल्वेचे भाडे आणि बुडालेली हजेरी, यांपुढे बारा हजार रुपये काहीच नाहीत. पहिला मनाई हुकूम तर पुष्कळदा आपल्याला न ऐकताच निघतो. घरी टपाल येते तेव्हा तो लागू झालेला असतो.

अमेरिकेने १९९९ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि एका नावामागे १,००० ते १,००,००० डॉलर भरपाईची तरतूद केली. जॉन झुकारिनी नावाच्या इसमाने तर हा उद्योगच मांडला होता. हजारो चुकीच्या स्पेलिंगची नावे! एका दुकानाच्या नावाची पाच चुकीची रूपे घेतल्याबद्दल २००० मध्ये त्याला नावामागे लाख, असे पाच लाख डॉलर भरण्याचा हुकूम झाला. मुलांच्या आवडीच्या नावांची चुकीची स्पेलिंगे घेऊन तो त्यांना घाणेरड्या चित्रांकडे वळवत असे, म्हणून २००३ मध्ये अटक आणि पुढच्या वर्षी तीस महिन्यांचा तुरुंगवास झाला. चुकीचे स्पेलिंग कोणाच्याच मालकीचे नसते, असे त्यालाही वाटत असणार.

आपल्याकडे तुरुंगाचा प्रश्न येतो तो नावाचा उपयोग फसवणुकीसाठी झाला तर. दुसऱ्याचे रूप घेऊन संगणकाद्वारे फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. खोटा ट्रेडमार्क लावण्याबद्दल ट्रेडमार्क कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. २०२० मध्ये अमूलच्या नावाशी मिळतीजुळती संकेतस्थळे काढून लोकांना दुकानाची एजन्सी देतो म्हणून पैसे उकळले जात होते. अमूलचा माल विकणाऱ्या गुजरातच्या दूध महासंघाने दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन ती बंद करवली. अशा दाव्यात आरोपी कोण हे माहीत नसले तर दिल्लीत ‘अशोक कुमार’ हे कल्पित नाव प्रतिवादी म्हणून घालतात. पुढे खरा माणूस सापडला की त्याचे नाव येते. (अशोक कुमार नावाच्या सज्जनांनी मनाला लावून घेऊ नये!)

इथेच माता-पित्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. समजा कोणी मुलाला म्हणाला, ‘तुझ्या आधारवर आणि तुझ्या नंबरवर पाच-दहा नावे नोंदव, नावामागे दोनशे रुपये देतो.’ मुलाला ते सोपे काम वाटेल. पण नोंदीत नाव, पत्ता, मोबाईल त्याचा. ही माहिती लोकांना दिसत नसली तरी नोंदणी कंपनीकडे असते आणि न्यायालयाने किंवा पोलिसांनी मागितली की मिळते. त्या नावावरून एखाद्या सूत व्यापाऱ्याला खोटा ई-मेल गेला आणि त्याची रक्कम दुसरीकडे वळली, तर पोलीस पहिल्यांदा येणार ते नोंदीतल्या पत्त्यावर. दोनशे देणारा तोवर नंबर बदलून गेलेला असतो. स्वतः अशा चुकीच्या पत्त्यावर पैसे भरून बसला असाल तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता असते.

मग काय घ्यावे?

म्हणून मुलाने संगणकाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. संकेतस्थळ बनवणे ही विद्या आहे आणि तिला भिवंडीत मागणी येऊ शकते. शिवणकाम करणाऱ्या बायका, कापडाचे ताके विकणारे, टेम्पोवाले, क्लासवाले, यांच्यापैकी किती जणांचे स्वतःचे संकेतस्थळ आहे? त्यांना नाव हवे, तेही स्वतःचे.

कामतघर हे गावाचे नाव आहे. इंग्रजीत ते तीन तऱ्हेने लिहिलेले फलक एका फेरीत दिसतील. यातले कोणतेही स्पेलिंग घेऊन ‘कामतघर टेलर्स’ असे नाव केले तर कोणी कंपनी हरकत घेणार नाही, फक्त त्या नावाने आधीच कोणाचा धंदा नसावा. कांबळे, गायकवाड, साळवे यांचीही इंग्रजी स्पेलिंगे घराघरात वेगळी. आपल्या आडनावावर आपला खराखुरा धंदा चालत असेल तर चिंता नाही. चुकीचे स्पेलिंग हा मुळात गुन्हा नव्हेच. दुसऱ्याने कष्टाने कमावलेल्या लौकिकाच्या सावलीत बसण्यासाठी मुद्दाम केलेले चुकीचे स्पेलिंग, हा आक्षेप आहे.

मराठीतूनही आता नाव घेता येते. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ मिळते. तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आलाच. वेलांटी पहिली की दुसरी, यावर ज्यांच्या घरी शाळेपासून भांडणे आहेत त्यांना वाटेल की ही मोठीच संधी! पण वादाचे नियम ‘डॉट इन’चेच लागू आहेत. नामांकित नावाची वेलांटी फिरवली तरी उत्तर तेच.

नाव ठरवण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. तो फुकट आहे आणि उच्चारावरूनही शोधता येते. स्वतःचे नाव नोंदवायचे असेल तर एकट्या माणसाला व छोट्या उद्योगाला ऑनलाईन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. या खात्याचे मुंबईतील कार्यालय अँटॉप हिलला आहे. चुकीच्या नावांत घातलेल्या बारा हजारांत दोन नावांचे अर्ज होऊन पैसे उरले असते.

ज्यांनी आधीच अशी नावे घेतली आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये, पण आणखी पाऊलही टाकू नये. कंपनीला किंमत कळवू नये. त्या नावावर जाहिराती लावू नयेत. आपोआप नूतनीकरण होण्याची सोय बंद करावी. नाहीतर पुढच्या वर्षी खात्यातून पुन्हा पैसे जातील. घेऊन दोन-चार दिवसच झाले असतील तर रद्द करून पाहावे, काही नोंदणी कंपन्या पैसे परत करतात. नोटीस आली असेल तर ती फाडून टाकू नये आणि घाईने ते नाव मित्राच्या नावावर चढवू नये. तक्रार चालू असताना असे हस्तांतर नियमाने मना आहे आणि त्यातून हेतू आणखी वाईट दिसतो. ‘डॉट कॉम’च्या तक्रारीत उत्तर द्यायला वीस दिवस असतात. बहुतेक कंपन्यांना पैसा नको, नाव हवे असते. मोबदला न मागता नाव सोडून देतो असे वेळेत लेखी कळवले तर पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटण्यासारखी असतात. मात्र काय लिहायचे ते वकिलाला दाखवूनच लिहावे.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, तसेच महिलांना व मुलांना, उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक मदत मागता येते. कारखान्यातील कामगारही त्यात येतात. दावा करायचा असो वा आपल्यावर झालेल्या दाव्यात बचाव करायचा असो, अर्ज ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. जाताना नोटीस, पैसे भरल्याची पावती आणि नोंदणी कंपनीकडून आलेले सर्व ई-मेल छापून सोबत न्यावेत. फोनवर माहिती हवी असल्यास क्रमांक १५१०० आहे.